बॅटरी हातात की बंदुकीवर?



या व्याख्यानासाठी कार्यवाहांचा फोन आला तेव्हा मी विषय सांगितला आणि पलीकडे थोडा वेळ काही आवाजच आला नाही. मग ते म्हणाले, "अंधारात गोळी झाडताना बॅटरी हातात धरावी की बंदुकीला बसवावी, हे ऐकायला सदाशिव पेठेतून कोण येणार?" आपण आलात. मे महिना आहे, सभागृहात पंखे आहेत, त्यामुळे सगळे श्रेय मी घेत नाही. (हशा)

माझी नोकरी पोलीस खात्यात झाली आणि तिची शेवटची बरीच वर्षे शिपायांना हत्यार शिकवण्यात गेली. त्या काळात हा वाद मी इतक्या वेळा ऐकला की चहा मागवला की तोही आलाच. एक पक्ष म्हणतो, बॅटरी पिस्तुलाच्या नळीखाली बसवा आणि दोन्ही हात मोकळे ठेवा. दुसरा म्हणतो, हातातली बॅटरी ती खरी. दोघेही आपल्याला कळते अशा थाटात बोलतात. मी दोन्ही बाजूंनी बोललो आहे. आज मात्र बाजू घेऊन बोलणार आहे.

सुरुवात पुण्यापासूनच करू, कारण अंधारातल्या हल्ल्याचे धडे या गावाइतके क्वचितच कुठे मिळतील.

५ एप्रिल १६६३ ची रात्र. लाल महालात शाहिस्तेखान आहे आणि शिवाजी महाराज मोजकी माणसे घेऊन आत शिरले आहेत. पराक्रमाची गोष्ट आपल्याला पाठ आहे, म्हणून मी फक्त दिव्यांची सांगतो. जदुनाथ सरकारांनी दिलेल्या वर्णनात खानावर वार झाल्यावर आतल्या एका शहाण्या बाईने दिवे विझवले. त्यानंतर त्या खोलीत कोणाला काहीच नीट दिसेना. मराठ्यांपैकी दोघे पाण्याच्या हौदात पडले आणि त्या गोंधळात दासींनी खानाला बाहेर काढले. खानाची बोटे गेली, जीव वाचला. त्याच रात्री खानासारखा दिसणारा एक म्हातारा सरदार खान समजून मारला गेला, असे कोणी बखरकार नव्हे, मोगलांच्या बाजूचा इतिहासकार सांगतो. नेम चुकला म्हणून खान सुटला असे नाही. दिवा गेला म्हणून सुटला. आणि तो दुसरा म्हातारा ओळख चुकली म्हणून गेला.

याच मोहिमेला जोडलेली दुसरी गोष्ट म्हणजे कात्रजचा घाट. बैलांच्या शिंगांना पलिते बांधले, बैल घाटाकडे पिटाळले, मोगल त्या उजेडामागे धावले आणि महाराज दुसऱ्या वाटेने सिंहगडाकडे गेले. ही आख्यायिका आहे की इतिहास, यावर इथे बसलेले अभ्यासक मला बाहेर गाठतील, म्हणून मी तिला आख्यायिकाच म्हणतो. पण शिकवण्याच्या दृष्टीने तिच्यासारखा धडा नाही. उजेड जिथे दिसतो तिथे माणूस आहे, असे शत्रू धरून चालतो. म्हणून उजेड एकीकडे ठेवावा आणि आपण दुसरीकडे असावे. अमेरिकेच्या एफबीआयची म्हणून एक पद्धत शिकवतात. डावा हात शरीरापासून लांब, वर आणि किंचित पुढे ताणायचा, बॅटरी त्या हातात, पिस्तूल उजव्यात. समोरच्याने उजेडावर गोळी झाडली तर ती आपल्या छातीत न येता बाजूने जावी, एवढाच त्यातला विचार. मी पोरांना सांगायचो, हा कात्रजचा घाट आहे, फक्त बैल तुमचा डावा हात आहे. (हशा) पहिल्या दिवशी ते हसायचे. दुसऱ्या दिवशी खांदे धरून यायचे, कारण हात तसा ताणून पाच मिनिटे उभे राहून पाहा म्हणजे कळते.

पुण्यातली तिसरी गोष्ट २२ जून १८९७ च्या रात्रीची. व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला साठ वर्षे झाली म्हणून गणेशखिंडीच्या गव्हर्नमेंट हाऊसवर, म्हणजे आजच्या विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत, समारंभ होता. आजूबाजूच्या टेकड्यांवर होळ्या पेटवल्या होत्या. प्लेगच्या बंदोबस्तात लोकांच्या घरात शिपाई घुसवणारा रँड तिथे येणार होता. दामोदर चाफेकरांनी नंतर लिहून ठेवलेल्या हकिगतीत एक गोष्ट माझ्यासारख्या माणसाला थांबवते. संध्याकाळी रँडची गाडी आत जाताना त्यांनी ओळखली होती, पण तेव्हा उजेड आणि माणसे फार होती, म्हणून त्यांनी ती परत येण्याची वाट पाहिली. परतीच्या वेळी अंधार होता. अंधारावर दामोदरांनी काय उपाय केला? ते गाडीमागे धावले, मागचा पडदा वर केला आणि वीतभर अंतरावरून गोळी झाडली. उजेड नसेल तर अंतर कमी करायचे, हा जगातला सर्वांत जुना उपाय आहे. त्यांचे भाऊ बाळकृष्ण मागे राहिले होते. मागून येणाऱ्या दुसऱ्या गाडीतले लोक कुजबुजत आहेत असा त्यांना संशय आला आणि त्यांनी तिच्यात गोळी झाडली. त्यात लेफ्टनंट आयर्स्ट जागीच गेला. रँड ३ जुलैला ससून रुग्णालयात गेला. ठरले होते दोघांनी मिळून रँडवर झाडायचे. पहिली गाडी डोळ्यांनी ओळखली होती. दुसरी अंधारात, कानावर विसंबून.

या तिन्ही गोष्टींत हत्याराची तांत्रिक बाजू दुय्यम होती. प्रश्न एकच होता, समोर कोण आहे. तोच प्रश्न मनात ठेवून आता आपल्या वादाकडे येऊ.

रात्री आपल्या डोळ्याचे काय होते ते आधी सांगतो, थोडक्यात. उजेडातून अंधारात गेल्यावर डोळा पुरता सरावायला वीस-तीस मिनिटे लागतात. पांढऱ्या बॅटरीचा एक झोत डोळ्यात गेला की ही कमाई एका क्षणात जाते, आणि ती फक्त समोरच्याची जात नाही. चुन्याची पांढरी भिंत तीन हातांवर असेल तर स्वतःच्याच बॅटरीने आपण आंधळे होतो. जाहिरातीत ल्युमेनचा आकडा मोठा छापलेला असतो. ल्युमेन म्हणजे बॅटरीतून एकूण किती उजेड निघतो. तो किती गोळा होऊन पुढे जातो हे कँडेला सांगते. दहा हजार कँडेलाचा झोत दहा मीटरवर शंभर लक्स उजेड देतो, वीस मीटरवर पंचवीस आणि दोनशे मीटरवर पाव लक्स, म्हणजे जवळजवळ पौर्णिमेचे चांदणे. अंतर दुप्पट झाले की उजेड चौथाई होतो. जिन्यात, वाड्याच्या बोळात, फ्लॅटच्या पॅसेजमध्ये पसरलेला उजेड हवा. उसाच्या फडात लांब जाणारा झोत हवा. दोन्ही कामे एकच बॅटरी उत्तम करते असे सांगणारा दुकानदार मला अजून भेटायचा आहे असे नाही, भेटले बरेच.

आता हात. हातातल्या बॅटरीच्या चार-पाच पद्धती रूढ आहेत. मायकल हॅरीज या अमेरिकनाच्या नावाची पद्धत १९७० च्या दशकातली. बॅटरीचा हात पिस्तुलाच्या हाताखालून पलीकडे न्यायचा आणि दोन्ही पंजांच्या पाठी एकमेकींवर घट्ट दाबायच्या. पाठीला पाठ लावून उभ्या राहिलेल्या भांडखोर जावांसारखे ते दोन हात दिसतात. दाब आहे तोवर पिस्तूल स्थिर. दाब सैलावला की झोत खाली आणि नेम वर. दुसरी पद्धत बॅटरी मुठीत धरून मूठ जबड्याजवळ, कानाखाली टेकवण्याची. ती मला सर्वांत आवडते, कारण डोळा जिकडे वळतो तिकडे उजेड वळतो. तिच्यात धोकाही आहे. उजेड डोक्याशेजारी असतो आणि कात्रजचा घाट उलटतो.

हातातल्या बॅटरीचा खरा त्रास वेगळा आहे. माणसाला हात दोनच. एकात बॅटरी, एकात पिस्तूल, आणि दार कोण उघडणार? बेड्या कोण घालणार? वायरलेस कोण उचलणार? काडतुसांची नवी मॅगझीन भरायची झाली तर बॅटरी बगलेत दाबायची, म्हणजे त्या वेळी उजेड आपल्याच बुटांवर. एका हाताने झाडलेली गोळी दोन हातांनी झाडलेल्या गोळीइतकी जागेवर जात नाही, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. शिवाय एक हात दचकून आवळला की दुसराही नकळत आवळतो, ही शरीराची सवय आहे. बॅटरीचे बटण जोरात दाबताना दुसऱ्या हाताचे बोट चापावर असेल तर काय होईल ते आपण समजू शकता. म्हणून बोट चापाबाहेर, नळीला समांतर, हा नियम मी शिव्या देऊन शिकवला.

बंदुकीवर बसवलेल्या बॅटरीने हे सगळे त्रास एका फटक्यात जातात. जिथे नळी, तिथे झोत. दोन्ही हात हत्यारावर. लांब हत्याराच्या बाबतीत तर वादच नाही. रायफल किंवा कार्बाइन धरायलाच दोन हात लागतात, तिसरा हात ईश्वराने दिलेला नाही. आपल्याच पुण्यात, पाषाणच्या एआरडीई या शस्त्र संशोधन संस्थेचा सहभाग असलेली 'अस्मी' ही नऊ मिलिमीटरची मशीन पिस्तूल २०२१ मध्ये जाहीर झाली. तिच्यावर दुर्बीण, बॅटरी वगैरे चढवायला खाचांची पट्टी आहे. नवीन हत्यारांवर ती असतेच. बंदुकीवरच्या बॅटरीत पूर्वी तारेचा बल्ब असायचा, चार-पाच बार झाले की धक्क्याने तार तुटायची. एलईडी आल्यावर ते संपले. काजळी मात्र संपली नाही. नळीच्या तोंडाशी काच असते आणि तिच्यावर दारूची काळी पुटे बसतात. दोन-तीन मॅगझीन झाडल्यावर काच बोटाने पुसून पाहा, बोट तव्याला लावल्यासारखे होते. आम्ही सुरुवातीलाच काचेवर व्हॅसलीनचा पातळ हात फिरवायचो, मग फडक्याने सगळे निघून येते.

मग माझी तक्रार काय? तक्रार अशी की या बॅटरीने ज्याच्याकडे पाहायचे त्याच्यावर नळी रोखावी लागते. घराचा नंबर वाचायचा आहे, नळी रोखा. बोळात काहीतरी खुडबुडले, नळी रोखा. मांजर निघाले तर ठीक. पाणी भरायला उठलेली बाई निघाली तर? हत्यार शिकवताना पहिल्या दिवशीचा पहिला नियम असतो, ज्याला मारायचे नाही त्याच्याकडे नळी करायची नाही. ही बॅटरी त्या नियमाला रोज रात्री लाच देते. आमच्या सरावात रिकाम्या पिस्तुलांनी अंधाऱ्या खोलीत माणसे ओळखायचा खेळ असायचा. पुठ्ठ्याच्या माणसांच्या हातात कुणाच्या मोबाइल, कुणाच्या सुरा, कुणाच्या छत्री. एकदा मीच एका कोपऱ्यात स्टुलावर बसलो होतो, हातात वही. पिस्तुलावर बॅटरी असलेल्या एका पोराने माझ्यावर झोत टाकला आणि रिकामा चाप ओढला. टक् असा आवाज झाला. तो मुलगा हुशार होता, आजही चांगले काम करतो आहे. नंतर म्हणाला, "सर, उजेड पडला आणि बोट गेलंच." काही अमेरिकन पिस्तुलांवर बॅटरीचे बटण दस्त्यावर, चापाच्या खालीच बसवलेले असते. ते दाबायला गेले आणि चाप ओढला गेला, माणूस जखमी झाला, मेला, अशा घटना तिकडच्या पोलीस खात्यांत घडल्या आणि कोर्टात गेल्या. माझ्या वहीवर तो टक् आवाज झाला तेव्हापासून मला त्या बातम्या परक्या वाटल्या नाहीत.

शिकाऱ्यांनी हा प्रश्न आमच्या आधी सोडवायचा प्रयत्न केला होता. जिम कॉर्बेट रुद्रप्रयागच्या नरभक्षक बिबट्याच्या मागे होते. १९१८ ते १९२६ या काळात सरकारी नोंदीप्रमाणे १२५ माणसे त्या बिबट्याने मारली. १९२६ च्या मे महिन्याच्या सुरुवातीला, गुलाबराय इथे आंब्याच्या झाडावर कॉर्बेट बसले होते, खाली रस्त्यावर बकरी बांधलेली, तिच्या गळ्यात घंटा. रायफलीला बॅटरी बसवलेली. कॉर्बेट सांगतात की त्या काळी बॅटऱ्या आजच्यासारख्या सर्रास नव्हत्या आणि शिकारीसाठी म्हणून जाहिरात झालेली ही त्यांनी पाहिलेली पहिलीच. काही महिने ती नुसती वागवली होती, सेल किती टिकतात याची त्यांना कल्पना नव्हती. रात्री घंटा जोरात वाजली. त्यांनी बटण दाबले, झोतात बिबट्याचा खांदा बरोबर माशीच्या रेषेत आला, चाप ओढला आणि त्याच क्षणी बॅटरी विझली. म्हणजे बॅटरीने आयुष्यभराचे काम एका क्षणात केले आणि नंतर हात वर केले. गोळी लागली की नाही हे त्यांना कळेना. खाली काळोख, बकरी जिवंत आहे हे घंटेवरून कळतेय, बिबट्या कुठे आहे ते नाही. पहाटेपर्यंत झाडावर बसावे लागले. सकाळी तो खाली मेलेला सापडला.

बंदुकीवरच्या बॅटरीचे समर्थन करणारे हीच गोष्ट सांगतात, आणि बरोबर सांगतात. दोन्ही हात मोकळे नसते तर तो बार त्यांना साधला नसता. मी तिचा दुसरा अर्धा भाग सांगतो. बार झाल्यावर शोधायला त्यांच्याजवळ दुसरी बॅटरी नव्हती. आणि त्यांना ओळखण्याचा प्रश्न पडलाच नव्हता, कारण आधी घंटेने सांगितले होते.

शिकारीत उजेड वापरणे हे आपल्या कायद्यालाही पूर्वीपासून खटकत होते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात, शिकारीचे परवाने अजून होते तेव्हा, रात्री शिकार करायला आणि त्यासाठी कृत्रिम उजेड वापरायला मनाई होती, खास परवानगीचे अपवाद सोडून. १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचाच दरवाजा बंद झाला, तेव्हा ते कलमही गेले.

आज आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न जिवंत आहे तो जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या पट्ट्यात. उसात बिबट्या, आणि शेतीपंपाची वीज रात्रीच्या पाळीला. शेतकरी एका हातात बॅटरी, एका हातात काठी किंवा फावडे घेऊन दंडाला पाणी सोडायला जातो. नोव्हेंबर २०२५ च्या सुरुवातीला शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड भागात माणसे बळी गेल्यावर लोक रस्त्यावर उतरले. वन विभागाच्या पथकाने थर्मल कॅमेऱ्याच्या ड्रोनने बिबट्या शोधला, भुलीचा बाण चुकला, आणि रात्री त्याला गोळी घालावी लागली. उष्णता दाखवणाऱ्या या कॅमेऱ्याने एक गोष्ट केली. शोधण्याचे काम बंदुकीपासून तोडले. शोधणारा वर आहे, झाडणारा खाली आहे, दोघांत बोलणे आहे. माझ्या वादातल्या दोन्ही पक्षांना हे पाहून गप्प बसावे लागते. यवतमाळात २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री मारलेल्या टी-१ वाघिणीच्या वेळी मात्र गाडीतून, अंधारात नक्की काय झाले याचा वाद वर्षानुवर्षे चालला. तो मी इथे उकरत नाही.

शेतकऱ्याला मी बंदूक सुचवत नाही, त्याला परवाना आणि पैसा दोन्ही परवडत नाही. पण एक गोष्ट सांगतो. बिबट्याचे डोळे चमकतात ते त्याच्या डोळ्यांतल्या मागच्या पडद्यावरून उजेड आला त्याच वाटेने परत जातो म्हणून. बॅटरी तुमच्या डोळ्यांजवळ असेल तरच ती चमक तुम्हाला दिसते. हात लांब करून किंवा कमरेजवळ धरून बॅटरी फिरवली तर डोळे चमकूनही तुमच्याकडे येत नाहीत. कपाळावर बांधायची बॅटरी स्वस्तात मिळते. ती घालून जो दंडावर जातो त्याला बिबट्या आधी दिसतो. ही साधी गोष्ट मला एका ऊस तोडणाऱ्या बाईने शिकवली, तिने ती कुठल्या पुस्तकात वाचली नव्हती.

तर माझे मत आपल्याला कळले असेल. लांब हत्यारावर बॅटरी बसवा. पिस्तुलावरही बसवा, पण ती शेवटची. कमरेला दुसरी, हातातली, आणि तिचे सेल दर महिन्याला बदललेले. शोध हातातल्या बॅटरीने घ्यायचा. समोर हत्यारबंद माणूस आहे अशी खात्री झाली की मग पिस्तुलावरची लावायची. सैन्याच्या आणि कमांडोंच्या लोकांचे काम वेगळे असते. ते ज्या खोलीत शिरतात त्या खोलीत कोण आहे हे त्यांना बहुतेक ठाऊक असते. पेठेतल्या रात्रपाळीच्या शिपायाला ते ठाऊक नसते. तो जातो तेव्हा समोर नव्वद टक्के वेळा काहीच नसते, आणि उरलेल्यात बहुतेक वेळा कुणीतरी झोपेतून उठलेले असते.

मी नवा होतो तेव्हाची गोष्ट. कसब्यातल्या एका वाड्यात चोर शिरल्याचा निरोप रात्री दीडला आला. वीज गेलेली. आमच्याजवळ तीन सेलची पत्र्याची लांबडी बॅटरी, जिचे झाकण आपटले की ती लागते आणि पुन्हा आपटले की विझते. रिव्हॉल्व्हर कमरेला, चामड्याच्या खोळीत, बटण लावलेले. मी दिंडीतून आत गेलो. चौकात तुळशीवृंदावन, त्याच्या मागे जिना, आणि जिन्यावर काहीतरी हलले. माझा हात रिव्हॉल्व्हरकडे गेला, खोळीचे बटण निघेना. मग मी बॅटरी वर केली. तिसऱ्या पायरीवर एक आजोबा, अंगात बंडी, हातात तांब्या. त्या काळी संडास खाली परसात असायचा.

दोघेही एकमेकांकडे पाहत राहिलो. त्यांना माझा गणवेश दिसत नव्हता, फक्त उजेड दिसत होता. "कोण?" त्यांनी विचारले. "पोलीस," मी म्हणालो. आजोबांनी मान डोलावली आणि तांब्या दुसऱ्या हातात घेतला.

"बरं झालं आलात," ते म्हणाले. "आता ती बॅटरी जरा पायऱ्यांवर धरा. मधली एक मोडकी आहे."